माध्यमिक शाळेतील संगणकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम : नियोजनाची दिशा

सातबाराचा उतारा, स्वस्त धान्य दुकानातील नोंद, बँकेचे खाते, परीक्षेचा निकाल, रुग्णालयातील केसपेपर अशा असंख्य व्यवहारांत आज संगणकाचा सहभाग असतो. खेड्यात जन्मलेले मूलही जन्मनोंदणीच्या दिवसापासून संगणकाच्या कक्षेत येते. त्यामुळे माध्यमिक शाळेत संगणक हा विषय शिकवावा किंवा नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. या विषयाच्या नावाखाली नेमके काय शिकवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे आणि शाळेपाशी जी अल्प साधने आहेत त्यांत ते कसे बसवावे, हे प्रश्न मात्र अद्याप पुरतेपणी सुटलेले नाहीत.

पुष्कळ विद्यार्थ्यांचे शिक्षण दहावीनंतर खंडित होते किंवा वेगळ्या वाटेने जाते. त्यांच्या दृष्टीने नववीतील संगणकाचा अभ्यास हा या शास्त्राचा पहिला आणि कदाचित अखेरचा परिचय ठरतो. त्या एका वर्षात संगणकाच्या भागांची नावे पाठ करून घेतली गेली तर एक मोलाची संधी वाया जाते. हे ध्यानी घेऊन प्रस्तुत लेखात इयत्ता नववीसाठी साठ तासिकांच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाचा एक आराखडा सुचविला आहे. तो शासनमान्य पाठ्यक्रम नाही. प्रत्येक शाळेने आपल्या परिस्थितीनुसार त्यात फेरफार करावा, अशीच अपेक्षा आहे.

मागील अनुभव काय सांगतो?

महाराष्ट्राला संगणक नवा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशात घडविलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. शालेय शिक्षणात संगणक आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न केंद्र शासनाने १९८४ साली केला. ‘क्लास’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या गेलेल्या त्या प्रकल्पात ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘बीबीसी मायक्रो’ ही यंत्रे देशातील निवडक शाळांना देण्यात आली. पुढे २००४ साली शाळांमधील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना सुरू झाली. २०१८ मध्ये ती ‘समग्र शिक्षा’ योजनेत विलीन करण्यात आली. शाळेबाहेर, २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे संगणक वापरण्याचे प्राथमिक कौशल्य गावोगावी पोचले.

या प्रयत्नांतून यंत्राची भीती गेली, ही मोठीच उपलब्धी होय. तथापि संगणक वापरता येणे ही एक गोष्ट आहे आणि संगणकशास्त्र समजणे ही दुसरी. पत्र टंकलिखित करणे, तक्ता तयार करणे, संदेश पाठविणे ही कौशल्ये उपयुक्त आहेतच. परंतु ज्या संचाच्या आधारे ती शिकविली जातात, तो संच चार-पाच वर्षांत बदलतो आणि पडद्यावरील बटणांच्या जागाही बदलतात. न बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. प्रश्नाचे लहान भाग पाडणे, पायऱ्या निःसंदिग्ध शब्दांत मांडणे, माहितीला अंकांचे रूप देणे, आपल्या उत्तरातील चूक शोधून काढणे या त्या गोष्टी होत. संगणकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम त्यांच्याभोवती रचला पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही संगणकीय विचारपद्धतीवर भर असून उच्च प्राथमिक स्तरापासून आज्ञावली-लेखनाचे उपक्रम सुचविलेले आहेत.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील शाळांत केवळ वापरावर भर देणारा विषय शिकविला जात असे. रॉयल सोसायटी या विद्वत्संस्थेने २०१२ साली अहवालाद्वारे त्यातील उणिवा दाखविल्या आणि सप्टेंबर २०१४ पासून तेथे नवा संगणनविषयक पाठ्यक्रम लागू झाला. त्याच संस्थेने २०१७ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा अनेक शाळांत हे अध्यापन अद्याप डळमळीत असल्याचे व शिक्षकांना पुरेशा प्रशिक्षणाची गरज असल्याचे दिसून आले. पाठ्यक्रम बदलण्यास एक आदेश पुरतो. शिक्षकाची तयारी होण्यास मात्र वर्षे लागतात, हा यातून घेण्यासारखा धडा आहे.

चार तासांचे गणित

नियोजनाचा आरंभ यंत्रांच्या खरेदीपासून न करता वेळेच्या हिशेबापासून करावा. एका वर्गात ४० विद्यार्थी आहेत, चालू स्थितीतील संगणक १० आहेत आणि आठवड्यास ३५ मिनिटांच्या २ तासिका मिळतात, असे समजू. परीक्षा, स्नेहसंमेलन व सुट्या वजा जाता वर्षात ३० आठवडे धरले तर ६० तासिका होतात. त्यांपैकी २८ तासिका संगणक कक्षात घ्यावयाच्या आहेत. सर्व ४० विद्यार्थी एकाच वेळी बसविले तर एका यंत्राभोवती चौघे दाटी करतात. एकाचा हात चालतो, दुसरा पाहतो आणि उरलेले दोघे गप्पा मारतात. म्हणून वर्गाचे दोन गट करून निम्मे विद्यार्थी यंत्रावर व निम्मे त्याच खोलीत कागदावर काम करतील, अशी व्यवस्था इष्ट ठरते. या व्यवस्थेत प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास यंत्रावरील १४ तासिका येतात आणि त्या वेळीही यंत्रापाशी दोघे असतात. म्हणजे कळफलकावर प्रत्यक्ष हात असण्याचा काळ सात तासिकांचा, २४५ मिनिटांचा, होतो. संपूर्ण वर्षात हे जेमतेम चार तास!

हा आकडा निराशाजनक वाटला तरी नियोजनकर्त्याने त्याच्याकडे पाठ फिरवू नये. चार तास हाती असताना त्यांतील एक तास यंत्र चालू-बंद करण्यात व दुसरा रंगीत चित्रे काढण्यात घालविणे परवडणारे नाही. जे कागदावर, फळ्यावर किंवा अंगणात शिकविता येते ते तेथेच शिकवावे. जे यंत्राखेरीज शिकविताच येत नाही, त्यासाठी यंत्राचा वेळ राखून ठेवावा. पुढील आराखड्याचे हे मूलसूत्र आहे.

साठ तासिकांचा आराखडा

अभ्यासक्रमाचे सहा घटक करावेत : सूचना आणि रीत, ८ तासिका, माहितीचे अंकरूप, १० तासिका, शोध आणि क्रमवारी, ८ तासिका, आज्ञावली-लेखन, २० तासिका, जाळे, सुरक्षितता आणि नागरिकाची जबाबदारी, ६ तासिका, गटप्रकल्प, ८ तासिका. पहिल्या तीन घटकांच्या २६ तासिकांत यंत्राची गरज नाही. पाचवा घटकही मुख्यतः चर्चेचा आहे. यंत्र लागते ते चौथ्या आणि सहाव्या घटकात. त्यामुळे जून महिन्यात संगणक कक्षाची दुरुस्ती चालू असली किंवा वीज नसली, तरी अभ्यासक्रम अडून राहत नाही.

यंत्राविना संगणकशास्त्र शिकविण्याची कल्पना अनेक देशांत कसास उतरलेली आहे. टिम बेल, इयान विटेन आणि माइक फेलोज यांनी १९९० च्या दशकात पत्ते, दोऱ्या, खडू व मैदानी खेळ यांच्या साहाय्याने करावयाच्या पाठांचा एक संच सिद्ध केला. आपल्याकडेही संगणकतज्ज्ञांच्या ‘एसीएम’ या संघटनेच्या भारतीय शाखेने ‘सीएस पाठशाला’ या उपक्रमाद्वारे शालेय स्तरासाठी अशाच प्रकारचे काम हाती घेतले आहे.

पहिला घटक : सूचना आणि रीत. शिक्षकाने स्वतः ‘यंत्र’ व्हावे आणि विद्यार्थ्यांनी सूचना देऊन फळ्यावर एक चौरस काढून घ्यावा. ‘रेघ ओढा’ म्हटल्यावर शिक्षक विचारतो, किती लांब? ‘वळा’ म्हटल्यावर विचारतो, कोणत्या बाजूस आणि किती अंश? पंधरा मिनिटांत विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते की, माणसाला जे अध्याहृत कळते ते यंत्राला सांगावे लागते. अशा निःसंदिग्ध व शेवट असलेल्या पायऱ्यांच्या क्रमाला अल्गोरिदम म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘रीत’ हा गणिताच्या पुस्तकांतील जुना शब्द उत्तम आहे. यानंतर ‘जर-तर’ची ओळख लीप वर्षाच्या नियमाने करून द्यावी. सालाला ४ ने पूर्ण भाग जात असेल तर ते लीप वर्ष. पण १०० ने भाग जात असेल तर नाही. मात्र ४०० ने भाग जात असेल तर होय. विद्यार्थ्यांनी हा नियम ओघतक्त्यात मांडून १९००, २०००, २०२४ व २१०० या चार सालांवर पडताळावा. १९०० व २१०० ही लीप वर्षे नाहीत आणि २००० व २०२४ ही आहेत, असे उत्तर आले पाहिजे. अटींचा क्रम चुकला की उत्तर चुकते, हे येथे प्रत्ययास येते.

दुसरा घटक : माहितीचे अंकरूप. संगणकातील सर्व माहिती शून्य आणि एक या दोन चिन्हांत साठविलेली असते, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते. परंतु त्याचा प्रत्यय क्वचितच दिला जातो. पाच विद्यार्थ्यांना १६, ८, ४, २ व १ असे आकडे लिहिलेली पुठ्ठ्याची पाने देऊन ओळीने उभे करावे. पान दाखविले तर एक, झाकले तर शून्य. २१ तारीख दाखविण्यासाठी १६, ४ व १ ही पाने उघडी राहतील, म्हणजे १०१०१ असे रूप मिळेल. पाच पानांत ० ते ३१ असे ३२ आकडे आणि म्हणून महिन्यातील प्रत्येक तारीख मावते. सहावे पान घेतले की ही संख्या दुप्पट होते.

हीच कल्पना मराठीच्या तासालाही भेटते. अक्षरगणवृत्तांत लघू व गुरू अशा दोनच खुणा असतात आणि तीन-तीन अक्षरांचा एक गण होतो. प्रत्येक जागी दोन पर्याय, अशा तीन जागा. म्हणून गण आठच होतात. नववा गण का नाही, याचे कारण विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्यावे. लघूला शून्य व गुरूला एक मानले तर ‘न’ गण ०००, म्हणजे शून्य. ‘स’ गण ००१, म्हणजे एक. ‘ज’ दोन, ‘य’ तीन, ‘भ’ चार, ‘र’ पाच, ‘त’ सहा आणि ‘म’ गण १११, म्हणजे सात ठरतो. समर्थ रामदासांच्या ‘मनाचे श्लोक’ या रचनेमुळे घराघरांत परिचित असलेल्या भुजंगप्रयात वृत्ताच्या चरणात ‘य’ गण चार वेळा येतो. ‘य चार वेळा’ ही सूचना म्हणजे आज्ञावलीतील पुनरावृत्तीच होय. आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असा निष्कर्ष यातून काढण्याचे कारण नाही. दोन खुणांनी किती प्रकार मोजता येतात, हे गणित छंदशास्त्रात आणि संगणकशास्त्रात एकच आहे, एवढेच विद्यार्थ्यांना उमगावे.

अक्षरांनाही आकडे दिलेले असतात. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत, जिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच खुणांनी लिहिला जातो व त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३५०, २३५२, २३६६, २३३६ आणि २३६८ असे आहेत. ‘क्ष’ हे डोळ्याला एक अक्षर दिसले तरी यंत्रापाशी ते क, हलन्त चिन्ह व ष अशा तीन खुणांचे असते. कार्यालयात काम करणाऱ्या अनेकांनी जुन्या टंकात तयार केलेले मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर अर्थहीन चिन्हांच्या रूपात उमटलेले पाहिले असेल. अक्षरांना दोन ठिकाणी दोन वेगळे क्रमांक दिले गेले की असे घडते. ही गोष्ट नववीच्या विद्यार्थ्याला कळली तर ‘संगणकाने चूक केली’ असे तो म्हणणार नाही.

तिसरा घटक : शोध आणि क्रमवारी. वर्णानुक्रमे लावलेल्या १,००० नावांच्या यादीत एक नाव शोधावयाचे आहे. पहिल्यापासून पाहत गेल्यास १,००० नावे तपासण्याची वेळ येऊ शकते. प्रत्येक वेळी मधले नाव पाहून अर्धी यादी बाजूस सारली तर जास्तीत जास्त दहा वेळा पाहावे लागते. यादी दुप्पट झाली तर ही संख्या केवळ एकाने वाढते. पण यादी आधी क्रमाने लावलेली हवी. वर्गातील ४० विद्यार्थ्यांना उंचीप्रमाणे लावताना प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली तर ७८० तुलना होतात. विद्यार्थी ८० झाले तर तुलना ३,१६० होतात. काम दुपटीने न वाढता सुमारे चौपटीने वाढले. मैदानावर प्रत्यक्ष मोजून पाहिलेला हा फरक विद्यार्थी विसरत नाहीत. यंत्र वेगवान असूनही चांगली रीत का शोधावी लागते, याचे उत्तर त्यांना येथे मिळते.

चौथा घटक : आज्ञावली-लेखन. हा अभ्यासक्रमाचा कणा होय. आज्ञावलीची कोणती भाषा निवडावी यावर शिक्षकांत पुष्कळ चर्चा होते. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात नवशिक्यांसाठी ‘बेसिक’ भाषा तयार झाली, १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ आली, १९९१ मध्ये ‘पायथन’ आणि २००७ मध्ये चित्रमय ठोकळे जुळवून आज्ञावली रचण्याची ‘स्क्रॅच’. यांपैकी शिक्षकाला जी नीट येते ती चांगली, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि आरंभीच्या सहा तासिका ‘स्क्रॅच’ व नंतरच्या चौदा ‘पायथन’ ही विभागणी सोयीची आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि जुन्या यंत्रांवरही चालविता येतात. ‘पायथन’च्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ आज्ञा इंग्रजी असल्या तरी चलांची नावे देवनागरीत देता येतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ही सवलत लहान नाही.

अध्यापनाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम तयार आज्ञावली वाचावी, ती कागदावर चालवून पाहावी, तिच्यात किरकोळ बदल करावा आणि मग स्वतः लिहावी. उदाहरणार्थ, एका आठवड्यातील वर्गाची उपस्थिती ३६, ३८, ३१, ३९, ३३ व ३७ अशी आहे. सर्वांत कमी उपस्थिती शोधण्याची रीत विद्यार्थी पुढीलप्रमाणे लिहितात :

१. पहिली नोंद घ्या आणि तिला ‘लहान’ म्हणा.
२. पुढची नोंद घ्या.
३. ती ‘लहान’पेक्षा कमी असेल तर आता तिला ‘लहान’ म्हणा.
४. नोंदी उरल्या असतील तर पायरी २ कडे जा.
५. ‘लहान’ सांगा.

कागदावर चालविल्यास ‘लहान’ आरंभी ३६ असतो, मग ३१ होतो आणि अखेरपर्यंत ३१ च राहतो. काही विद्यार्थी मात्र पहिल्या पायरीत ‘लहान’ला शून्य किंमत देतात. त्यांचे उत्तर शून्य येते, कारण कोणतीच नोंद शून्याहून कमी नसते. वर्ग तर एकही दिवस रिकामा नव्हता! ही चूक शिक्षकाने लगेच दुरुस्त करू नये. ती का झाली, हे त्याच विद्यार्थ्याने तक्ता मांडून वर्गाला समजावून सांगावे. पुढे विचारावे की, नोंद एकच असेल तर वरील पायऱ्यांचे काय होईल? दुसऱ्या पायरीला ‘पुढची नोंद’ मिळणारच नाही. म्हणजे योग्य वाटणाऱ्या रीतीतही उणीव आहे. ‘नोंदी उरल्या आहेत काय’ हे आधी विचारले पाहिजे. असा प्रश्न आपणहून विचारू लागणे हे या घटकाचे खरे फलित होय.

यंत्रावर दोघांनी बसताना एकाने टंकलेखन करावे व दुसऱ्याने वाचून चुका दाखवाव्यात. दर दहा मिनिटांनी जागा बदलावी आणि त्यासाठी घंटी ठेवावी. घंटी नसेल तर धीट विद्यार्थी कळफलक सोडत नाही, आणि मुलामुलींची जोडी असेल तर मुलीकडे वहीत उतरवून घेण्याचेच काम येते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

पाचवा घटक : जाळे, सुरक्षितता आणि नागरिकाची जबाबदारी. संदेशाचे लहान तुकडे होऊन ते वेगवेगळ्या मार्गांनी कसे पोचतात, हे चिठ्ठ्यांच्या खेळाने दाखविता येते. त्यासोबत संकेतशब्दाची लांबी, भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा परवलीचा आकडा कोणालाही न सांगणे, दुसऱ्याचे छायाचित्र संमतीविना न पाठविणे आणि आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ तक्रार करणे या बाबी शिकवाव्यात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे, याचाही परिचय द्यावा. हे ज्ञान विद्यार्थ्यांमार्फत त्यांच्या आई-वडिलांपर्यंत जाते, हा याचा आणखी एक लाभ.

सहावा घटक : गटप्रकल्प. चौघांच्या गटाने गावातील किंवा शाळेतील एक खरा प्रश्न घ्यावा. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव, पर्जन्यमापकावरील रोजच्या नोंदींची सरासरी, शालेय पोषण आहारातील धान्याचा हिशेब असे विषय योग्य ठरतील. व्यक्तींची नावे, आधार क्रमांक व दूरध्वनी क्रमांक प्रकल्पात वापरू नयेत. प्रकल्प लहान असला तरी चालेल. तो चालणारा आणि तपासलेला असावा.

यंत्रच आज्ञावली लिहीत असेल तर?

साध्या भाषेत प्रश्न विचारला असता आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ नंतर सर्वत्र उपलब्ध झाली आहेत. मग विद्यार्थ्याने हे कष्ट का घ्यावेत, असे पालक विचारतात. गणकयंत्र निघाले तरी अंकगणित शिकविणे आपण थांबविले नाही, कारण उत्तर बरोबर आहे की नाही याचा अदमास माणसालाच घ्यावा लागतो. ही साधने कधी कधी आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देतात. ज्याने ‘लहान’ला शून्य किंमत देण्याची चूक स्वतः केली व निस्तरली आहे, त्याला अशी चूक दुसऱ्याच्या आज्ञावलीतही दिसते. म्हणून लेखनाइतकेच वाचन आणि पडताळणी यांना अभ्यासक्रमात स्थान असावे.

मूल्यमापन

परीक्षा जे विचारते तेच वर्गात शिकविले जाते. ‘संगणकाचे जनक कोण?’ किंवा ‘मुद्रक हे कोणते साधन आहे?’ असे प्रश्न राहिले तर उत्तम आराखडाही पाठांतरात बुडेल. १०० गुणांची विभागणी लेखी ४०, प्रात्यक्षिक ३०, प्रकल्प २० आणि वही १० अशी करता येईल. लेखी परीक्षेत दिलेल्या पायऱ्या चालवून उत्तर काढणे, चूक शोधणे, अपुरी रीत पूर्ण करणे व दोन रीतींची तुलना करणे असे प्रश्न असावेत. वहीत विद्यार्थ्याने आपल्या झालेल्या चुका आणि त्यांची दुरुस्ती लिहावी. चुकांची प्रामाणिक नोंद करणाऱ्यास गुण मिळतात, हे दिसले की विद्यार्थी चूक लपविणे सोडून देतात.

शिक्षक आणि प्रशिक्षण

बहुतेक शाळांत हा विषय गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाकडे येईल. त्याला संगणकतज्ज्ञ होण्याची आवश्यकता नाही. विद्यार्थ्यांच्या दोन पावले पुढे असणे पुरेसे आहे. उन्हाळ्यातील एका शिबिराने मात्र ही तयारी होत नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या मार्गदर्शनाखाली तालुक्यातील शिक्षकांनी महिन्यातून अर्धा दिवस एकत्र यावे, पुढील महिन्याचे पाठ स्वतः करून पाहावेत व मागील महिन्यातील अडचणी मांडाव्यात. ‘मला माहीत नाही, आपण तपासून पाहू’ असे वर्गात म्हणण्याचा धीर शिक्षकाला येणे, हे या प्रशिक्षणाचे एक उद्दिष्ट असावे.

पंचायत आणि शाळा समितीचे कार्य

यंत्रे देणगीदाखल मिळविणे तुलनेने सोपे असते. ती चालू ठेवणे कठीण. वीजदेयक कोणी भरावे, भूसंपर्कन योग्य आहे काय, पावसाळ्यातील ओल आणि उन्हाळ्यातील धूळ यांपासून बचाव कसा करावा, बिघाड झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती व्हावी, खोलीची किल्ली कोणापाशी असावी, हे प्रश्न यंत्रे येण्यापूर्वीच ठरावाने सोडवून ठेवावेत. किल्ली एकाच व्यक्तीपाशी असली आणि ती व्यक्ती रजेवर असली की कक्ष बंद राहतो, हे दृश्य अपरिचित नाही.

या बाबतीत पंचायत सदस्य एक मोठे कार्य करू शकतात. वर उल्लेखिलेल्या चार तासांकडे पुन्हा पाहू. संगणक कक्ष आठवड्यातून दोन दिवस शाळेपूर्वी किंवा शाळेनंतर एक तास उघडा ठेवला, तर ३० आठवड्यांत ६० तास मिळतात. १० यंत्रांचे मिळून ते ६०० यंत्र-तास होतात आणि ४० विद्यार्थ्यांत वाटले असता प्रत्येकास १५ तास येतात. चार तासांचे एकोणीस तास होतात आणि एकही नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही! वीज व अन्य कारणांनी यातील निम्मा वेळ वाया गेला तरी मूळ वेळ दुपटीहून अधिक होतो. देखरेखीसाठी गावातील एखाद्या शिकलेल्या तरुण-तरुणीस मानधन देता येईल. हा तास एस.टी.च्या वेळेशी जुळविला पाहिजे. अन्यथा दुरून येणारे विद्यार्थी, विशेषतः मुली, नेमक्या वंचित राहतील.

तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही यंत्रांच्या संख्येबरोबर कक्षातील वापराची नोंदवही पाहावी. गेल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा हात किती वेळ कळफलकावर होता, हा प्रश्न विचारला जाऊ लागला की शाळाही त्याचा हिशेब ठेवू लागतील.

समारोप

नववीतील प्रत्येक विद्यार्थी संगणक अभियंता व्हावा, हा या अभ्यासक्रमाचा हेतू नाही. कोणी शेती करील, कोणी दुकान चालवील, कोणी ग्रामपंचायतीत निवडून येईल. पुढे एखाद्या यादीतून त्याचे नाव गळले आणि ‘संगणकात नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते मुकाट्याने ऐकून परत फिरण्याऐवजी त्याने विचारले पाहिजे की, नोंद कोणी केली, नियम कोणता लावला आणि चूक कोठे झाली. यंत्र माणसाने दिलेल्या सूचनांप्रमाणे चालते व त्या सूचना तपासता येतात, हा विश्वास शाळेतच निर्माण होऊ शकतो. त्याकरिता दहा चालू यंत्रे, साठ तासिका, एक जिज्ञासू शिक्षक आणि वेळेवर उघडणारी एक खोली एवढी सामग्री पुरेशी आहे. शाळा, पंचायत आणि प्रशासन यांनी मनावर घेतल्यास ती बहुतेक गावांना आवाक्याबाहेरची नाही.